शिरोडकरांची सही

१७ जानेवारी

ही वही पल्लवीनं दिली. पल्लवी म्हणजे यांना व्यायाम द्यायला येते ती पोरगी, इथली हैदराबादचीच, हिमायतनगरची. म्हणाली, "काकू, काका दिवसभरात कोणते शब्द बोलले, काय खाल्लं, किती वेळ बसले, ते लिहून ठेवत जा." मी म्हणलं, बाई, मी भालकीच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, पाचवीला चुलीपुढं बसवलं. ती म्हणाली चालतंय. चालतंय तर चालतंय.

खाल्लं: अर्धी भाकरी कुस्करून, पप्पूचारू (डाळीचं आंबट सार).
बसले: दहा मिनिटं, तेही मी धरून.
शब्द: पोस्ट.

१९ जानेवारी

पल्लवी म्हणते नुसता शब्द लिहू नका, कशासाठी बोलले तेही लिहा. लिहिते.

पाणी पाहिजे तर पोस्ट. पंखा बंद करा तर पोस्ट. संडासला नेलं नाही वेळेवर तर जोरात पोस्ट. लकवा झाल्याला दीड महिना झाला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलण्यातला एवढा एकच शब्द राहिला. एकतीस वर्षं संसार केला, त्यातलं काही राहिलं नाही. माझं नावसुद्धा नाही. पोस्ट राहिलं.

का राहिलं ते मला माहीत आहे. विजेच्या ऑफिसात नोकरी केली, पण जीव सगळा सह्यांत. जुन्या फुटबॉल खेळाडूंना पत्र लिहायचं, आत एक जाड पांढरं कार्ड, आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. त्या माणसानं फक्त सही करून पाकीट डब्यात टाकायचं. कोलकाता, जालंधर, कोचीन, गोवा. रिटायर होऊन घरी बसलेले म्हातारे, कोणाला आठवत नाहीत, यांना आठवतात. तीन अल्बम भरलेत. पाकीट आलं की आधी भिंग घेऊन तिकिटावरची मोहर वाचायची, कुठल्या गावची, किती तारखेची. मग सही. मग अल्बमात चार कोपऱ्यांत अडकवून खाली नाव, गाव, तारीख लिहायची. मी म्हणायचे, दुसऱ्याचं नाव घरात ठेवून काय मिळतं? म्हणायचे, "तुला कळणार नाही तारा." हौ, नाही कळत.

२४ जानेवारी

आज पल्लवी आत बोलवून म्हणाली, "काकू, पहिले सहा महिने महत्त्वाचे. काका मनच लावत नाहीत. रबरचा बॉल हातात दिला की सोडून देतात. असं राहिलं तर जे परत येण्यासारखं आहे तेही येणार नाही."

मी यांना जाऊन तसंच सांगितलं. लपवायचं काय त्यात. यांनी भिंतीकडं तोंड केलं.

२५ जानेवारी

बॉल फेकून दिला. मी उचलला. परत फेकला. मग मीही उचलला नाही.

२८ जानेवारी

एक गोष्ट बघितली. दुपारी साडेबाराला पोस्टमन सुरेश खालून ओरडला, "एकनाथराव गारू! पोस्ट!" आणि हे भिंतीकडचे वळले. आपले आपण. डाव्या हातानं पलंगाचा गज धरला आणि उठून बसले. पल्लवी तीन आठवडे जे करायला सांगते ते एका हाकेनं झालं.

जालंधरच्या दिलदारसिंगची सही होती. आजारी पडायच्या आधी लिहिलेल्या पत्राचं उत्तर. मी भिंग दिलं. अर्धा तास बसून होते. चहा स्वतः डाव्या हातानं पेल्यानं प्याले. माझ्या मामानं लग्नात दिलेला स्टीलचा पेला, त्यावर कोरलेलं आहे, सौ. तारामती, हैदराबाद, १२-५-९४. जड आहे म्हणून उलटत नाही, तोच पलंगाशेजारी ठेवते.

बसले: तीस मिनिटं.

३ फेब्रुवारी

यांचं रजिस्टर काढून बघितलं. कोणाला कधी पत्र टाकलं, उत्तर आलं का, सगळं ओळीत लिहिलेलं. उत्तर यायचे फक्त चार राहिलेत. चार पत्रं म्हणजे चार दिवस उठून बसणार. पुढं?

पुढं मीच टाकणार. कार्डं आहेत, पाकिटं आहेत, पत्ते आहेत. इंग्रजी येत नाही ते एक आहे. हे सगळ्यांना इंग्रजीत लिहायचे, डिक्शनरी बघून बघून. प्रियदर्शिनीला फोन केला. आमची मुलगी, कुकटपल्लीला राहते, कंपनीत आहे. म्हणाली, "मम्मी, मी टाइप करून देते ना, फॉरमॅट सेंड कर." फॉरमॅट काय असतो मला माहीत नाही. "मीच लिहिते मराठीत" म्हणलं तर हसली. "बेंगॉलमधला माणूस मराठी कसं वाचणार? मला पण नीट येत नाही."

ते पण खरं. दोन पत्रं तिच्याकडून घेते.

पण एक मराठीत लिहिणार. शिरोडकरला.

४ फेब्रुवारी

शिरोडकरचं लिहून ठेवते, नाहीतर पल्लवी म्हणेल कोण शिरोडकर.

सावळो शिरोडकर, गोव्याचा, गोलकीपर. हे पंधरा वर्षांचे असताना त्याचा संघ इथं फतेह मैदानावर खेळायला आला होता. हे गोलाच्या मागं उभे. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या माणसानं मागं वळून बघितलं, हातातलं घड्याळ काढलं आणि मराठीत म्हणाला, "बाळा, हे धरशील?" दीड तास यांनी घड्याळ मुठीत धरलं. खेळ बघितलाच नाही, मूठ बघितली. शेवटी त्यानं घड्याळ घेतलं, मान हलवली आणि गेला. झालं. एवढीच गोष्ट. मी शंभर वेळा ऐकली. दर वेळी म्हणायचे, "एवढ्या पब्लिकमधून त्यांनी मला विचारलं." मी म्हणायचे, "घड्याळ परत घेतलं ना? मग तुम्हाला दिलं काय?"

रजिस्टरमध्ये शिरोडकरच्या नावापुढं तीन तारखा आहेत. तीनदा पत्र टाकलं. तिन्हीपुढं कोरं.

त्यावेळचं एक छापील पुस्तक आहे यांच्या पेटीत, सगळ्या खेळाडूंचे फोटो आणि खाली छापलेल्या सह्या. मी म्हणायचे, हीच कापून लावा की अल्बमात. यांना राग यायचा. छापील आणि हाताची वेगळी म्हणे.

५ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. इथं उतरवून ठेवते.

"श्री. सावळो शिरोडकर यांस. माझे मालक एकनाथराव यांनी तुम्हाला तीन पत्रं टाकली. तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाही. पाकीट आमचं, तिकीट आमचं, कार्ड आमचं. तुम्हाला फक्त नाव लिहायचं होतं. लहानपणी यांनी तुमचं घड्याळ दीड तास सांभाळलं, ते तरी आठवा. आता यांना लकवा झालाय. उजवा हात चालत नाही. तुमचा चालत असेल तर सही करा आणि लवकर पाठवा. आत कार्ड एकच आहे, खराब करू नका. तारामती, दिलसुखनगर, हैदराबाद."

चौथीनंतर एवढं मोठं पहिल्यांदा लिहिलं. वाचून बघितलं, बरोबर वाटलं. टाकून आले.

११ फेब्रुवारी

कोचीनची सही आली. बसले: चाळीस मिनिटं. बॉल दाबला सहा वेळा. डाव्या हातानं दाबून दाखवला आणि उजव्यात ठेवून माझ्याकडं बघितलं, बघ नाही होत म्हणून. मी म्हणलं, माझ्याकडं कशाला बघता, हात तुमचा आहे.

शब्द: पोस्ट. नक्को. (नक्को नवीन. दोडक्याची भाजी वाढली तेव्हा.)

२० फेब्रुवारी

काही नाही आलं. भिंतीकडं तोंड.

२६ फेब्रुवारी

लग्नसराई आहे, माझं काम वाढलंय. मी मग्गमचं काम करते, ब्लाउजवर. लाकडी चौकटीला कापड ताणायचं आणि आरीनं, म्हणजे आकडीच्या सुईनं, जरी भरायची. आधी खाका छापावा लागतो. पातळ कागदावर नक्षी काढून रेषेवर सुईनं भोकं पाडायची, घासलेटमध्ये पावडर कालवायची आणि बोळा वरून फिरवायचा. खाली कापडावर ठिपके उठतात. गडद कापडाला पांढरी पावडर, फिक्याला निळी. पंचवीस वर्षं करते. हे आधी कटकट करायचे, तुझ्या हाताला घासलेटचा वास येतो, उशीला येतो, डब्यातल्या पोळीला येतो. आता कटकट पण नाही. तीच ऐकायला मिळाली असती तरी चाललं असतं.

२ मार्च

कोलकात्याची आली. पन्नास मिनिटं बसले. पल्लवीनं धरून उभं केलं.

सही बघितली मी पण. मुंगी शाईत पडून चालल्यासारखी. छापील पुस्तकात याच माणसाची सही काढून बघितली तर लांबलचक, ऐटीत, शेवटी शेपटी. दिलदारसिंगचं पण तसंच. म्हातारपणी सगळ्यांचीच सही आटते वाटतं.

१० मार्च

नाही.

१४ मार्च

नाही. सुरेश आला आणि लाइट बिल देऊन गेला. त्याच्या आवाजानं हे उठून बसले, मी बिल हातात दिलं, त्यांनी भिंग घेऊन बिल बघितलं. मला बघवेना. सुरेशला खाली गाठून म्हणलं, "बिल असलं तर ओरडू नको रे. गोव्याच्या पत्राची वाट बघतेय मी."

तो म्हणाला, "अम्मा, नै चिल्लाया तो सर गुस्सा होते, क्यों नै चिल्लाया करके. गोवा का लेटर आया तो मैं ऊपर लाके देतुं, पक्का."

१९ मार्च

पल्लवीनं तपासलं. उजव्या हाताला काही फरक नाही. पाय बरा आहे. ती म्हणाली, "काकू, तुम्ही जे चालवलंय ते चालू ठेवा, पत्र आलं की काका वेगळेच असतात." पत्र आलं की. पत्र मी छापू का?

आज एक वाईट विचार आला. त्या दिवशी दवाखान्यात न्यायला उशीर झाला असता तर एवढ्यात सगळं आटपलं असतं, यांचंही, माझंही. लिहून ठेवते, आला होता म्हणून. मग उठून भात लावला.

२२ मार्च

पत्र छापलं.

नीट लिहिते. शिरोडकरला दीड महिना होऊन गेला. गोवा काही लंकेत नाही. द्यायचं असतं तर दिलं असतं. तीन पत्रांना जो माणूस बोलला नाही तो चौथ्याला काय बोलणार. किती दिवस वाट बघायची? मला वाट बघता येत नाही, कधीच आली नाही.

छापील पुस्तकातली शिरोडकरची सही खाक्याच्या कागदावर उतरवली. बारीक सुईनं भोकं पाडली. निळी पावडर अगदी थोडी, बोळा हलक्या हातानं कार्डावर फिरवला. ठिपक्यांवरून निळ्या पेननं एका दमात गेले. थांबलं की हात अडखळल्याचं दिसतं, ते मला जरीकामातलं माहीत आहे. हुबेहूब झाली. केसाइतका फरक नाही. पुस्तक आणि कार्ड शेजारी ठेवलं तर मलाच कळेना.

पाकिटात घातलं, तिकीट लावलं. दुपारी सुरेश ओरडला तेव्हा खाली जाऊन बँकेचं पत्र घेतलं आणि त्यातच हे घालून वर आणलं.

हे बसलेच होते. पाकीट घेतलं. भिंग लावून तिकीट बघितलं, बराच वेळ. पाकीट उलटं करून बघितलं. कार्ड काढलं. सही बघितली. मग कार्ड नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. लहान बाळाच्या डोक्याचा वास घेतात तसं.

डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. आणि हसायला लागले. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसतं, पण खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. "पोस्ट," म्हणाले. मोठ्यानं नाही, हळू. माझा हात धरला आणि सोडेनात.

एवढा हुशार माणूस, तीस वर्षं सह्या ओळखणारा, पक्का फसला. मला वाईट वाटलं थोडं. पण थोडंच.

२३ मार्च

बॉल मागून घेतला. वीस वेळा दाबला. डाव्यानं पंधरा, उजव्यानं पाच, उजव्याच्या वेळी बोटं खरंच हलली. मी बघितली.

खोटं बोलून बरं वाटत असेल माणसाला तर खोटं काय वाईट आहे? पल्लवीला सांगितलं नाही. तिला शब्द पाहिजेत, ते घे: पोस्ट, नक्को, चा.

३१ मार्च

अल्बम पलंगावर घेऊन बसतात. तिसरा. मी जवळ गेले की मिटतात. "मला बघू द्या की शिरोडकर," म्हणलं, तर हातानं हाकलतात, "पोस्ट, पोस्ट!" हाकलायला पण पोस्टच. मी एवढी मेहनत केली आणि बघायला मला बंदी. बघू नको म्हणे. राहिलं.

७ एप्रिल

चादरीवर शाईचे डाग. डाव्या हाताची बोटं निळी. मी ओरडले. पेन कुठं लपवलंय ते सांगत नाहीत. साठी झाली आणि चादरीवर शाई सांडतात. साबण लावून घासली, गेली नाही.

१२ एप्रिल

आज पेला हातात घेऊन अर्धा तास बसले. पाणी होतं आत, पीत नव्हते. पेला फिरवून फिरवून बघत होते, त्यावर बोट फिरवत होते. मी म्हणलं, पेल्यात काय बघता, पाणी प्या. पल्लवीला विचारलं, डोक्यावर काही परिणाम आहे का? ती म्हणाली, "नाही काकू, काका चांगले आहेत." ती हसत होती. हसण्यासारखं काय आहे मला कळलं नाही.

२० एप्रिल

काठी धरून दारापर्यंत. एकटे. सुरेशनं खालून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. "सर, नेक्स्ट वीक नीचे आके लेना पोस्ट!" हे म्हणाले, "हौ."

हौ नवीन आहे.

६ मे

आज काय झालं ते लिहिते.

सुरेश आला आणि ओरडला नाही. वर चढून आला, मला दाराबाहेर बोलावलं, आणि म्हणाला, "अम्मा, गोवा." पाकीट माझंच. माझ्या अक्षरातला आमचा पत्ता. तिकिटावर मोहर, मडगाव, वाचता येते.

हे झोपले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन उघडलं. आत कार्ड. आणि एक कागद, मराठीत, मोठमोठ्या अक्षरांत. उतरवून ठेवते.

"ताई, नमस्कार. तुमच्या मालकांची तिन्ही पत्रे मिळाली होती. इंग्रजीत होती. मी मराठी शाळेत पाचवी. मुलगा परदेशात, बायको गेली. शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायची लाज वाटली. गावात सगळे मला मोठा माणूस समजतात. काहीतरी सरकारी असेल म्हणून कपाटात ठेवली. तुमचे पत्र मी स्वतः वाचले. दोनदा वाचले. तुम्ही रागावलात ते बरोबर आहे.

उशीर झाला कारण माझा हात कापतो. तुम्ही लिहिले कार्ड एकच आहे. म्हणून आधी कागदावर सराव केला. रोज सकाळी. आता बरी येते.

घड्याळ आठवते. माझ्या थोरल्या भावाचे होते, न विचारता घातले होते, हरवले असते तर घरी जाता आले नसते. मुलगा आठवत नाही, खोटे कशाला लिहू. पण परत मिळाले म्हणजे मुलगा चांगला होता. सावळो शिरोडकर."

सही बघितली. कापरी, मुंगीची. छापील पुस्तकातल्यासारखी अजिबात नाही.

७ मे

पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवलंय. खरं द्यायचं तर खोटं उघडं पडणार. खोटं उघडं पडलं तर हे परत भिंतीकडं वळणार. यांनी दीड महिना त्या कार्डाच्या जोरावर बोटं हलवली. आणि नाही द्यायचं, तर पंधराव्या वर्षापासून ज्याची वाट बघितली ते तांदळात सडणार.

प्रियदर्शिनीला फोनवर सगळं सांगितलं. "मम्मी! तू फोर्जरी केली?" म्हणाली. मग म्हणाली, "लाइट घे, टेन्शन नको घेऊ. पप्पा हॅपी आहेत ना? कशाला डिस्टर्ब करते? टाकून दे ते."

टाकून दे. हिला सगळं टाकून द्यायला जमतं.

८ मे

भात केला नाही, भाकरी केली. डबा उघडवत नाही. शिरोडकर दाराशी येऊन उभा आहे आणि मी आत बोलवत नाही असं वाटतंय.

यांनी शिऱ्याची वाटी पुढं करून विचारलं, "चा?" म्हणजे मी का गप्प आहे असं. मी म्हणलं, काही नाही, जरी कमी पडली.

१० मे

मी त्या माणसाला सात-आठ ओळींत झापलं. आणि तो रोज सकाळी उठून एकच नाव गिरवत बसला. शाळेतल्या पोरासारखा. एकच कार्ड आहे म्हणून. तो महिना मी तांदळात घालून ठेवलाय. मी काढली ती सही मला एका दमात आली, एक दुपार पण लागली नाही. आता कळतं हे छापील आणि हाताची वेगळी का म्हणायचे.

भिंतीकडं तोंड करायचं तर करा. उद्या देणार.

११ मे

दिलं.

आंघोळ घालून, खुर्चीत बसवून, समोर बसले. म्हणलं, "ऐका. मधे पोस्ट पोस्ट करू नका. मार्चमध्ये तुम्हाला शिरोडकरची सही आली ना, ती शिरोडकरची नाही. मी केली. खाका काढून. तुम्ही उठत नव्हता म्हणून. ही खरी, सहा तारखेला आली. मी पाच दिवस लपवली. आता काय करायचं ते करा."

आणि पाकीट मांडीवर ठेवलं. तांदूळ चिकटले होते, ते झटकले.

हे माझ्याकडं बघत होते. राग दिसेना. भिंग घेतलं, मोहर वाचली, मडगाव. कार्ड काढलं. त्या कापऱ्या रेघेवरून बोट फिरवलं, न टेकवता, वरूनच. मी पत्र वाचून दाखवलं. घड्याळाशी आले तेव्हा उजवा हात मांडीवर मुठीत वळला. पूर्ण नाही, पण वळला. पल्लवी असती तर बरं झालं असतं.

मग अल्बम मागितला. स्वतः उघडला, डाव्या हातानं, पान पान करत. एका पानावर चार कोपरे चिकटवलेले, मध्ये कोरं. खाली यांच्या उजव्या हाताचं जुनं वळणदार अक्षर, "सावळो शिरोडकर, मडगाव," आणि तारखेची जागा सोडलेली. कोरंच होतं ते. माझं कार्ड तिथं नव्हतंच कधी.

शिरोडकरला तिथं बसवलं. चारही कोपरे मला लावू दिले नाहीत, स्वतः लावले, वीस मिनिटं लागली.

"मग माझं कुठं फेकलंत?" मी विचारलं.

यांनी शेवटचं पान काढलं. पानाला घासलेटचा वास अजून होता, मला पण आला. मग मला कळलं. बावळट मी. दीड महिना मी यांना फसवत होते आणि हे बसून हसत होते.

माझं कार्ड मध्यभागी. कोपरे वाकडे चिकटवलेले, डिंक पसरलेला. खाली डाव्या हाताचं, पहिलीतल्या पोरासारखं, कुठं मोठं कुठं लहान, एक अक्षर ओळीच्या खाली पडलेलं: सौ. तारामती, हैदराबाद, १२-५-९४.

पेल्यावरचं बघून उतरवलंय. "सौ." सकट.

मी म्हणलं, "तारीख चुकलीय. कार्ड मार्चमध्ये केलंय मी. पेल्यावरची तारीख आहे ही, लग्नाची. खोडा आणि नीट घाला."

"नक्को," म्हणाले.

"चुकलीय म्हणते ना!"

"नक्को तारा."

मग मीही वाद घातला नाही. सुरेश यायची वेळ झाली होती, खाली जायचं होतं यांना.

खाल्लं: दोन भाकरी, वांगं, भात (तांदूळ निवडून).
बसले: सकाळभर.
शब्द: पोस्ट, नक्को, आणि एक नवीन. पल्लवीनं विचारलं तर सांगेन.